थॉर्नबी ग्रेव्हीची बाई

टॉडमॉर्डन,
ता. ९ सप्टेंबर २०१८

प्रिय क्लिफर्डदादास,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. तुझी धाकटी बहीण टीव्हीवर येणार आहे! थॉर्नबी ग्रेव्हीची यंदाची नाताळची जाहिरात, आणि तिच्यातली म्हातारी म्हणजे मी. आमच्या चर्चच्या हॉलमधल्या नाटकात मी खाष्ट घरमालकीण झाले होते, ते बघायला लंडनच्या जाहिरात कंपनीतली टॅमसिन नावाची पोरगी आली होती. पडदा पडल्यावर ती मागे आली आणि म्हणाली की माझ्या चेहऱ्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं. हे कौतुक की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही. होकार मात्र तिचं वाक्य संपायच्या आत देऊन टाकला.

बाबा असते तर काय म्हणाले असते, हेच पहिलं मनात आलं. वाण्याला दिवाणखान्यात खुर्ची द्यायची नाही, असं म्हणून त्यांनी जाहिरातींचं चॅनल मरेपर्यंत घरात लागू दिलं नाही. आणि आपण दोघं अभ्यासाच्या नावाखाली मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या घरी जाऊन त्याच जाहिराती डोळे फाडून बघायचो. टूथपेस्टचं गाणं तू आंघोळीला बसल्यावर म्हणायचास आणि बाबा दार बडवायचे. मोठेपणी मात्र साळसूदपणे त्यांचीच गादी चालवलीस, घरात टीव्हीच ठेवला नाहीस.

आता मुद्द्याचं. मार्जरीवहिनी गेल्यापासूनचे तिन्ही नाताळ तू व्हिटबीत एकट्याने काढलेस. या वर्षी इकडे ये. मी दरवर्षी हे लिहिते आणि तू दरवर्षी नाही म्हणतोस, तरी लिहिते, कारण मी बाबांच्याच हट्टाची आहे.

लोभ असावा, आणि तो ग्रेव्हीसारखा दाट असावा.
तुझी,
मेव्हिस


व्हिटबी,
ता. १६ सप्टेंबर

चि. मेव्हिस हीस,
अनेक आशीर्वाद.

(बहात्तराव्या वर्षीही तू मला ‘चि.’च आहेस, तक्रार करू नकोस.)

पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. मेव्हिस, जुन्या जाहिराती थापा मारायच्या, पण त्यांना रीत होती. साबण असेल तर साबण दाखवायचे, गाणं म्हणायचे आणि निघून जायचे. हल्ली शेजारच्या मिसेस अ‍ॅग्न्यूकडे गेलो की दिसतं ते असं: समुद्रकाठी घोडा धावतोय, एक बाई रडतेय, पोरगं आजोबांना मिठी मारतंय, आणि आपले डोळे ओले झाल्यावर कळतं की हे सगळं गाडीच्या विम्यासाठी होतं. हा खिसेकापूपणा झाला. जुगाराच्या जाहिराती बघ, सगळे हसतायत, हरलेला माणूस एकही नाही. आणि दुपारच्या तर विचारूच नकोस. जिन्यावरून वर नेणारी खुर्ची घ्या, स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आत्ताच भरा आणि सोबत एक पेन फुकट मिळवा. मेलेल्या माणसाने त्या पेनाने काय लिहायचं?

सत्त्याहत्तर वर्षांत एकाही जाहिरातीने माझ्याकडून काही करवून घेतलेलं नाही, हे मी ठासून सांगतो. तू हौस भागवून घे, पण त्या लोकांच्या नादाने रडूबाई होऊ नकोस.

नाताळचं म्हणशील तर नको. माझं इथे उत्तम चाललं आहे. सकाळी बंदरापर्यंत चालतो, दुपारी वाचतो. माझी काळजी करू नये.

तुझा,
क्लिफर्ड


टॉडमॉर्डन,
ता. १२ ऑक्टोबर

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

काल लीड्सला चित्रीकरण झालं! रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी चहाआधीच लिहायला बसले आहे. एका गोदामात त्यांनी खोटं स्वयंपाकघर उभं केलं होतं. नळाला पाणी नव्हतं पण खिडकीबाहेर बर्फ होता. माझे केस विंचरायला एक, नाकावर पावडर लावायला एक, आणि मी थकले का हे विचारायला तिसरी. राणीचीसुद्धा इतकी बडदास्त ठेवत नसतील असं मला वाटलं.

तुझ्या जुन्या जाहिरातींच्या रीतीबद्दल मात्र बोलायचंच आहे. त्या रीतीत बायकांनी फक्त धुवायचं आणि हसायचं असायचं. नवऱ्याचा शर्ट पांढराशुभ्र झाला म्हणून हर्षाने नाचणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. माझ्या रॉनल्डचे शर्ट धुताना मी काय पुटपुटायचे ते तू ऐकलेलं आहेस. आता निदान पुरुषही भांडी घासताना दिसतात, आणि आमच्या गल्लीत जशी सगळ्या रंगांच्या लोकांची घरं आहेत तशी पडद्यावरही दिसतात. एवढं तरी कबूल कर.

माझं काम असं, की नाताळच्या दुपारी एक म्हातारी घरात एकटी आहे, आणि शेवटी शेजारचे लोक ग्रेव्ही घेऊन येतात. मला फक्त उदास दिसायचं होतं. आणि नेमकं तेच जमेना! मी जन्मात एकटी जेवलेली नाही रे. दिग्दर्शक रूपर्ट फार सोशिक माणूस, त्याने कधी मेलेल्या मांजराची आठवण काढायला सांगितलं, कधी खिडकीकडे बघायला. मला हसूच फुटे. दुपार उलटली तशी टॅमसिन नखं खायला लागली आणि मला वाटलं की झालं, आता दुसरी म्हातारी बोलावणार. मग मी रूपर्टला म्हटलं की एकदा मला माझ्या मनासारखं करू द्या. हाताने एक छोटीशी गोष्ट केली, ती त्यांच्या कागदावर नव्हती. ते संपलं तेव्हा पावडरवाली नाक पुसत होती. ती गोष्ट मला कुठून सुचली हे तुला आत्ता सांगत नाही. तू बघशील तेव्हा तुझं तुलाच कळेल. रागावशील कदाचित.

नाताळचं पुन्हा विचारते. हो म्हण.

तुझ्या रागालाही न घाबरणारी,
मेव्हिस


व्हिटबी,
ता. २० ऑक्टोबर

चि. मेव्हिस हीस,
अनेक आशीर्वाद.

शर्टांपुरतं कबूल. बाकी काही कबूल नाही. तू फार खुशीत आहेस हे अक्षरावरून दिसतं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तुझ्या जाहिरातीचं मिसेस अ‍ॅग्न्यूला सांगायची चूक केली, आता माशांच्या दुकानापर्यंत बातमी गेली आहे आणि मला ग्रेव्हीवालीचा भाऊ म्हणतात.

नाताळचं उत्तर तेच. भरल्या घरात मी उगाच तोंड पाडून बसेन आणि तुमचाही विरस होईल. आग्रह करू नये.

तुझा,
क्लिफर्ड


टॉडमॉर्डन,
ता. १९ नोव्हेंबर

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

लागली! गुरुवारी रात्री पहिल्यांदा लागली आणि गल्लीत नुसता कल्ला झाला. आमच्याकडे इतकी माणसं दाटली होती की जिन्यावरही बसायला जागा नव्हती. मी स्वतःला बघून ओरडले, इतकंच आठवतं.

पण पुढची गंमत ऐक. सगळ्या देशाला मी खरंच एकटी वाटते आहे! प्रेस्टनच्या एका बाईने जेवायला बोलावलंय. कॉर्नवॉलच्या कुटुंबाने लोकरीचे मोजे पाठवलेत. वाण्याकडे रांगेत लोक मला पुढे जाऊ देतात आणि पाठीवर हात ठेवतात. मी हसून सांगते की बाबांनो, माझ्या टेबलाभोवती अकरा माणसं असतात, कोपर ठेवायला जागा नसते, तर त्यांना वाटतं म्हातारी मानी आहे, दुःख लपवते आहे. कळस म्हणजे आमच्या नव्या पाद्रीबुवांनी एकट्या-दुकट्यांच्या नाताळच्या जेवणात माझं नाव घातलं. त्या जेवणात दरवर्षी वाढायला मीच असते! माझ्याबरोबर वाढणाऱ्या बीअट्रिसने त्यांना तसं सांगितलं तेव्हा बिचारे कानापर्यंत लाल झाले.

तू बघितलीस का? दोन महिने विचारते तेच आज पुन्हा विचारत नाही. फक्त एवढं कळव, की बघितलीस का.

वाट बघणारी,
मेव्हिस


व्हिटबी,
ता. २८ नोव्हेंबर

चि. मेव्हिस हीस,
अनेक आशीर्वाद.

बघितली. उत्तराला उशीर झाला कारण दोन पत्रं लिहून फाडली. पहिलं रागाचं होतं.

शनिवारी मिसेस अ‍ॅग्न्यूकडे गेलो. मध्यंतर झालं आणि सगळे नेहमीप्रमाणे आधण ठेवायला उठले. या देशात जाहिरात लागली की माणूस आधी किटलीकडे धावतो. मी त्यांना खाली बसवलं, जरा मोठ्यानेच. मिसेस अ‍ॅग्न्यूचा जावई तर दचकून बसला.

मग तू दिसलीस. कपाट उघडलंस, दोन ताटं काढलीस, टेबलावर मांडलीस. थांबलीस. आणि दुसरं ताट उचलून, बाहीने पुसून, परत कपाटात ठेवलंस. खोलीतले सगळे उसासे टाकत होते की बिचारी किती एकटी. त्यांच्यात मला एकट्यालाच ठाऊक होतं की तू आयुष्यात एकटी जेवली नाहीस. आणि ते ताट बाहीने कोण पुसतं, हेही मला एकट्यालाच ठाऊक होतं.

ईस्टरला तू आली होतीस तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतीस असं मला वाटलं होतं. तू बघितलंस हे मला कळलं नाही. मार्जरी गेल्यापासून रोज हे होतं मेव्हिस, हात सवयीने दोन काढतो. मी कोणालाही सांगितलेलं नाही. तू ते सगळ्या देशाला दाखवलंस म्हणून फार राग आला. तरातरा घरी आलो. भूक लागली होती, कपाट उघडलं, आणि पुन्हा दोनच निघाली. दुसरं परत ठेवायला हात उचलला तो तसाच राहिला. तुझा चेहरा आठवला. ते नाटक नव्हतं. तुला माझ्यासाठी इतकं वाईट वाटत होतं आणि तू मला पत्रातून नुसती चिडवत राहिलीस. मी तिथेच उभ्याने रडलो. तीन वर्षांत पहिल्यांदा रडलो, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

माझं इथे उत्तम चाललेलं नाही. हे लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं आहे, म्हणून लिहितो.

तेवीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तोंड पाडून बसलो तर सरळ बटाटे सोलायला लाव. यावरून जाहिरातीने माझ्याकडून काही करवून घेतलं असं मात्र गल्लीभर सांगत सुटू नकोस. थॉर्नबीची ग्रेव्ही मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. दुकानात तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो, इतकंच.

टेबलावर अकरा माणसं असतात म्हणतेस. अकराच ताटं मांड. माझं मी आल्यावर काढीन.

तुझा,
क्लिफर्डदादा