चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला गेलं की आधी पोट टेकतं आणि बाकीची सात अंगं अधांतरी राहतात, म्हणून तूर्त हा नमस्कार उभ्यानेच घातला आहे असं समजावं.) तुमच्या ऑपरेशनला आता चार महिने होत आले, तेव्हा टाके, जखम, पथ्य हे सगळं मागे पडलं असेल असं धरून चालतो. ताईची कंबर कशी आहे? आमच्याकडे सगळं ठीक. थोरली अभ्यासात, धाकटी आरशासमोर आणि ही आम्हा तिघांच्या मागे. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "हं, बरं आहे" एवढं बोलून तो ताईच्या हातात देता आणि ताई मला आज काय जेवलास ते विचारते. त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची हल्ली मला चोरी झाली आहे. म्हणून पत्र.

अक्षर गिचमिड आलं आहे, त्याबद्दल माफी असावी. फ्रीजवर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. मघाशी दोन ओळी खिडकीच्या कट्ट्यावर लिहिल्या, त्याआधीची एक जिन्यात. ही म्हणते, माणसासारखं टेबलाशी बसून लिही. पण बसलो की पाय हलायला लागतात, पाय हलले की टेबल हलतं, टेबल हललं की थोरलीचा अभ्यास हलतो आणि मग घरात जे व्हायचं ते होतं. हे पाच वर्षांपासून चाललं आहे. व्हॉलीबॉल सुटला पण संध्याकाळचे सहा वाजायचे थांबले नाहीत. सहा वाजले की पाय वळवळायला लागतात, त्यांना वाटतं आता बूट चढवायचे. मी त्यांना समजावतो, बाबांनो, तो खेळ संपला, आता घरी बसायचं. पाय ऐकत नाहीत. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी स्वयंपाकघरात जातो, डबे उघडतो आणि साडेसातपर्यंत उघडत राहतो. शेंगदाणे, बिस्किटं, दुपारची उरलेली भाजी, धाकटीने अर्धवट टाकलेला केक. भूक नसते हो. नुसता वेळ काढायचा असतो. पण पोटाला ते कळत नाही, ते बिचारं येईल ते ठेवून घेतं.

आता मूळ हकिकत. एकवीस वर्षं मी वजनमापे खात्याचा निरीक्षक म्हणून लोकांच्या तराजूंत खोट काढत आलो, हे तुम्ही जाणताच. तर चार महिन्यांपूर्वी एका भंगारवाल्याच्या गोदामात मोठा काटा तपासायला गेलो होतो. या काट्याच्या चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून बघायचं असतं. आमची प्रमाणित वजनं घेऊन येणारी गाडी अडकली होती आणि स्वस्थ उभं राहणं मला जमत नाही, म्हणून तोवर नुसता अंदाज घ्यावा असं ठरवून मीच एका कोपऱ्यावर चढलो. काट्याने दाखवलं, चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम. मी शांतपणे खाली उतरलो आणि भंगारवाल्याला सांगितलं की तुझा काटा फार पुढे पळतो आहे. (मी शेवटचं वजन केलं तेव्हा एकाहत्तर होतो. तेव्हा आपण जिल्ह्याच्या उपांत्य फेरीत होतो.) मी दुसऱ्या कोपऱ्यावर गेलो. चौऱ्याण्णव सहाशे. तिसऱ्या कोपऱ्यावर बूट काढून गेलो, तर पावपाव ग्रॅमचा फरक सांगणाऱ्या माझ्या खात्याची लाज राखत काट्याने बुटांपुरतं तेवढं कमी केलं. एवढ्यात वजनं आली. वीस-वीस किलोची ती लोखंडी वजनं एकेक करून चढवली आणि काटा कुठेही तसूभर चुकला नाही. भंगारवाला माझ्या पोटाकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता. शेवटी अदबीने म्हणाला, "मग शिक्का मारायचा ना, साहेब?" काटा अचूक आहे, असं मी माझ्या सहीने लिहून दिलं.

घरी आल्यावर तसाच बुटांसकट न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिलो. तो म्हणाला, चौऱ्याण्णव. सहाशे ग्रॅम कमी दिसल्याचा मला इतका आनंद झाला की त्या भरात मी एक केळं खाल्लं. पण एकवीस वर्षांची सवय. रात्री जेवणात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी तो काटा काखोटीला मारून कचेरीत नेला आणि तपासला. सहाशे ग्रॅमने मागे. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली, खोटं माप चाललं होतं आणि त्याचा लाभार्थीही मीच.

मग मी कंबर कसली. (कसण्यापुरती कंबर शोधायला थोडा वेळ गेला.) पहिला उपाय, सकाळचं चालणं. आमच्या इमारतीतले तीन निवृत्त गृहस्थ रोज चालायला जातात असं ऐकून मी त्यांच्यात सामील झालो. बागेत एकूण अकरा बाकं आहेत आणि हे लोक अकराही बाकांवर बसतात. दोन बाकांच्या मध्ये जे होतं त्याला ते चालणं म्हणतात. बसल्यावर प्रत्येकाने आपापल्या आतड्याची खबर द्यायची. मला ते आतडं ऐकवेना आणि बसवेना, म्हणून मी बाकाभोवती फेऱ्या मारू लागलो. चौथ्या दिवशी त्यातले माजी न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही एक तर बसा किंवा जा. चक्कर येते आम्हाला." मी गेलो.

दुसरा उपाय, व्यायामशाळा. तिथला शिक्षक पिळदार, सगळे त्याला दोरखंड म्हणतात. त्याने मला काट्यावर उभं केलं आणि जाहीर केलं, सत्त्याण्णव. दाजी, मी माणूस म्हणून गेलो होतो, निरीक्षक म्हणून नव्हे. मी स्वतःला खूप आवरलं. मी लठ्ठ आहे, गप्प बसावं, व्यायाम करावा, घरी जावं, असं मनाला बजावलं. पाच मिनिटं बजावलं. मग विचारलं, या काट्यावर शेवटचा शिक्का कधीचा? तो म्हणाला, कसला शिक्का? पुढच्या अर्ध्या तासात मी गुडघ्यावर बसून काटा उलटा केला, माझ्या पिशवीतली वजनं चढवली आणि सिद्ध केलं की तो जवळपास अडीच किलो पुढे आहे. म्हणजे नवीन येणारा प्रत्येक जण अडीच किलोने घाबरूनच आत पाऊल टाकत होता. तिथे घाम गाळणाऱ्या आठ जणांनी टाळ्या वाजवल्या, दोघींनी तर जागच्या जागी व्यायाम थांबवला. दोरखंड मला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसते तपासणीलाच येत जा. वर्षातून एकदा."

तिसरा उपाय थोरलीने केला. माझाच पाच किलोचा काटा तिने माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला आणि प्रत्येक घास मोजून वाढायला लागली. जन्मभर मी ज्या दुकानदारांच्या मानेवर बसलो त्या सगळ्यांचे तळतळाट एकत्र होऊन माझ्याच पोटी जन्माला आले आहेत असं मला वाटलं. भात मोजताना ती काट्यावर बोटाचा किंचित दाब देते हे मला दिसत होतं, म्हणजे काटा जड दाखवतो आणि भात कमी पडतो. मी हरकत घेतली. ती म्हणाली, लेखी तक्रार करा.

असा महिना गेला, दोन किलो उतरले, पण पायांची वळवळ काही थांबेना. शेवटी एका संध्याकाळी सहा वाजता डबा उघडायच्याऐवजी मी दार उघडलं आणि थेट आपल्या मैदानावर गेलो. तिथे आता वीस-बावीस वर्षांची मुलं खेळतात. कमावलेल्या अंगाची, उंच, उडी मारली की परत यायची घाई नसल्यासारखी. मी कडेला उभा राहिलो तसा एक जण धावत आला. मला वाटलं, बोलावतोय. त्याने आपल्या गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "काका, जरा धरता का?" धरल्या. तासभर धरल्या. एकूण नऊ जणांच्या किल्ल्या, चार फोन आणि एक चष्मा.

परत निघालो तेव्हा पाण्याच्या टाकीमागून चेंडूचा आवाज आला. बघतो तर तिथे एक दुसरं नेट. जरा खाली बांधलेलं (जरा म्हणजे हातभर). खेळणारे चौघे: एक दंतवैद्य, एक औषधांच्या दुकानवाली, एक बसदुरुस्ती करणारा मिस्त्री आणि एक संगीत शिकवणाऱ्या बाई. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बाई थोड्या सरकल्या आणि मला जागा झाली. मिस्त्रीने चेंडू उंच उचलून दिला. असा चेंडू पाच वर्षांत मला कुणी दिला नव्हता. मी धावलो, दोन्ही पाय जुळवले आणि सगळी शक्ती लावून उडी मारली. चेंडू डोक्यावरून शांतपणे गेला. दंतवैद्य म्हणाले, "उडी मारायची होती का? आम्हाला वाटलं, तुम्ही नुसतं वर बघितलंत."

दुसऱ्या चेंडूला मात्र मी खरंच उडालो, आणि उतरताना खांबाला धरलं, आणि खांब नेटसकट माझ्यासोबत आला. मी मातीत उताणा पडलो होतो. छाती भात्यासारखी चालली होती, डोळ्यांपुढे काजवे, आणि वर चार चेहरे. औषधवालीने नाडी धरली, दंतवैद्यांनी सवयीने तोंडात डोकावून दाढ किडल्याचं सांगितलं. मला फार भीती वाटली, दाजी. छातीत जे चाललं होतं ते संपेल की नाही कळत नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "घाई नाही. आम्ही इथेच आहोत." आणि चौघं खरोखरच माझ्या बाजूला मातीत बसून राहिली. दहा मिनिटांनी श्वास जागेवर आला. पाच वर्षांत मी इतका वेळ एका जागी राहिलो नव्हतो.

तेव्हापासून रोज जातो. आज वजन ब्याण्णव आहे. (मध्यंतरी अठ्ठ्याऐंशीपर्यंत उतरलं होतं, पण जिंकल्याच्या आनंदात आम्ही पाचही जण खायला गेलो. जिंकलो म्हणजे समोरचा संघ आलाच नाही.) उडी वीतभर होते. दाढ काढली. ही म्हणते, चेहरा उतरला. एकूण बरं चाललं आहे. आता आवरतं घेतो, कारण कागद संपत आला आणि फ्रीज उघडायला धाकटी मागे उभी आहे. ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. – एक राहिलं. त्या वेळी उपांत्य सामन्यात कप्तान म्हणून तुम्ही मला बाहेर बसवलंत आणि मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की गुडघा गेला. गुडघा गेला नव्हता. राग आला होता. तुम्ही गाव सोडून गेलात तरी पाच वर्षं तेल, पट्टे आणि त्या हाडवैद्याचा पत्ता पाठवत राहिलात आणि मी प्रत्येक वेळी "थोडा आराम आहे" म्हणून कळवत राहिलो. तेल दाराच्या बिजागऱ्यांना फार उत्तम आहे. तुम्ही त्या दिवशी बरोबरच केलं होतं, मी तीन चेंडू सलग सोडले होते.

ता. क. २ – आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. ताईने सांगितलं की घरी आल्यापासून तुम्ही जिना उतरलेला नाहीत. डॉक्टर चाला म्हणतात आणि तुम्ही उद्यापासून म्हणता. रस्त्यात धाप लागली तर लोक बघतील, असं तुम्ही तिला एकदाच बोललात. पंधरा दिवस मी घरभर हिंडतो आहे, तुम्हाला काय लिहावं ते सुचत नाही. तुम्हाला शहाणपण शिकवायची माझी पात्रता नाही, म्हणून माझी फजिती तेवढी लिहिली. दाजी, लोक बघतात. बघतात आणि मग बाजूला बसतात. आम्हाला पंच नाही. पंचाला धावायचं नसतं, फक्त मैदानापर्यंत यायचं असतं. आमच्या घरापासून ते साडेतीनशे पावलं आहे, मधे दोन कट्टे आहेत. दोघेही आठ दिवस या. शनिवारी सकाळच्या गाडीने मी न्यायला येतो आहे. येऊ नकोस असं कळवलंत तरी ते पत्र मिळायच्या आत मी निघालेला असेन.

ता. क. ३ – ताई, पाकीट तूच आधी फोडशील हे मला माहीत आहे. तू फोन केल्याचं त्यांना सांगू नको म्हणाली होतीस आणि मी ते वर लिहून बसलो. खोडलं तर त्यांना संशय येईल. तेव्हा हा शेवटचा कागद तूच ठेवून घे आणि मी शनिवारी सहजच येतोय असं सांग.

नको, राहू दे. त्यांनाच दे.