मोहाले कोणासंग जातेस?

आई, तुझा एक प्रश्न मी परवा वापरला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि तुझ्या डॉक्टरकीतलं, संशोधनातलं मला दोनच गोष्टींपुरतं कळतं. एक तो प्रश्न, दुसरा शेवेचा सोऱ्या.

सोऱ्याचं असं, की दिवाळीला शेव पाडताना त्याची भोकं बुजली. तू म्हणालीस, "पाह्य, भोकं बुजली तर पिठाले काही होत नाई, दाबणारा हात थकते. फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आकसल्या की हृदयाचं असंच होते." तेवढ्यात कढईतली शेव जळाली आणि ओरडलीस मलाच, "पाहून काय राह्यली वं, गॅस बंद कर!"

सुट्टीत तुझ्यासोबत जीपमध्ये मी असायचे, गोधडीत गुंडाळलेली तुझी हृदय तपासायची मशीन मांडीवर घेऊन. गावोगाव तू विचारायचीस, "बाई, धाप लागते का?" आणि प्रत्येक बाई म्हणायची, "नाई." धाप म्हाताऱ्यांना लागते, बैलांना लागते, सुनेनं तसं म्हणणं म्हणजे कामाची टाळाटाळ. एकदा मोहफुलं वेचून बाया परतत होत्या. तरण्या पुढं, म्हाताऱ्या मागं. मागच्या घोळक्यात एकच तरणी. तू जीप थांबवलीस, तिला तपासलंस, तर तिचं हृदय थकलेलं निघालं. त्या दिवसापासून धापेचं विचारणं तू सोडूनच दिलंस. "मोहाले कोणासंग जातेस? अन् मागच्या साली कोणासंग जात होतीस?" बस, एवढंच.

परवा मी जिवतीकडे मैत्रिणीच्या घरी उतरले. निघाले होते खरं तर सिरोंच्याची नदी बघायला, ते जाऊ दे. ती चहा घेऊन आली तर पाय सुजलेले. मी तुझा प्रश्न विचारला.

"सासूसंग जातो," ती म्हणाली.

"मागच्या साली?"

"नणदेसंग. तिच्यामागं आता कोण धावते?"

नवरा हसला. "म्हातारी झाली माही बायको!"

सासू हसली नाही. "काऊन इचारून राह्यली वं पोरी?"

तू मला सांगितलं होतंस तसं मी सांगितलं, सोऱ्यासकट. काल सकाळच्या बसनं सासूच तिला घेऊन निघाली, सोबत मी.

आज चंद्रपूरला तपासणी झाली. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, आत्ता आणलं ते बरं केलं, पण नागपूरला दाखवा, गोळ्यांचा गुण किती येईल ते आज सांगता येणार नाही. बाहेर येताच तिनं माझा हात धरला. "मंग पुढच्या साली नणदेसंग जाईन नं मी?" सासू माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी "हो" म्हणून टाकलं, आई. मला काहीच माहीत नव्हतं. अशा वेळी तू काय म्हणायचीस ते केव्हाची आठवून बघतेय. प्रश्न विचारताना मी तुझ्याजवळ असायचे. उत्तर द्यायची वेळ आली की तू मला बाहेर पाठवायचीस.