चौदा तास न उठता

प्रवासाला निघालं की बाईनं पाणी पिऊ नये, हे तूच माझ्या डोक्यात घातलंस, अन् त्यापायी माझ्या पोटरीत रक्ताची गाठ झाली. आधी हे ऐकून घे. बरी हायेस का, ते मागून विचारते. माय, तू जाऊन लई वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, मी तिसरीतून शाळा सोडलेली. तरी लिहिते, कारण तोंडानं बोललेलं तू कधी ऐकून घेतलं न्हाईस.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला अमेरिकेला गेले होते. येताना एकटी. लांबचं विमान चौदा तासांचं, जागा खिडकीची, शेजारी परका गडी घोरत पडलेला. पाणी घेऊन विमानातली पोरगी चारदा आली, मी चारदा हात हलवला. चपला काढल्या, पाय वर घेतले अन् लग्नाच्या मांडवात बसावं तशी मांडी घालून बसले ती उतरेपर्यंत. मला तर अभिमानच वाटला. लातूरला आल्यावर दोन दिवसांनी डावी पोटरी टम्म फुगली, हात लावला तर तव्यावानी गरम.

तुला ठाऊकच हाय, भूकंपात गावचं घर पडलं अन् आम्ही लातूरला आलो. तू गेल्यावर इथं क्लासेसचं पेव फुटलं. मी दोन खोल्यांत बारावीच्या पोरी ठेवल्या, त्यातलीच एक आता डॉक्टर हाय. माझ्या हातची भाकरी खाऊन शिकली, अन् मलाच झापते.

"काकू, चौदा तासांत एकदा तरी उठलात का?"

"कशाला उठू? पाणीच पिले न्हाई तर जायचं कुठं? अन् शेजारी गडी झोपलेला."

"त्याला उठवायचं."

"तुझ्या बापाला उठवीन का मी असं?"

"माझा बाप असला तरी उठवा! पोटरी म्हंजे रक्त वर चढवणारी मोटार, काकू. चाललात तरच ती चालते. गुडघे मोडून बसून राहिलात की रक्त खालीच तुंबतं, घट्ट होतं. त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता तर खुर्चीतच संपला असतात."

तिथं बसल्या बसल्या मला माझ्या बापाची, आबांची बैलगाडी आठवली.

नऊ-दहा वर्षांची असेन. आपण शिरूरकडून देवणीला मावशीकडं निघालोय, आबा गाडी हाकायलेत. ऊन डोक्यावर. ओढा येतो. आबा बैल सोडतात, पाण्यावर नेतात, ते तोंड लावेपर्यंत शीळ घालतात, पाठीवरून हात फिरवतात. काही घाई न्हाई. मी उतरायला जाते तर तू माझा दंड धरतेस. "बस गप. पाणी पिलीस तर पुढं आडोसा कुठं शोधू? आबांचा खोळंबा होतो." मी बैलांचं पिणं बघत बसते. तुझेही ओठ फुटलेले, ते मला आज दिसतात.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात तर पाण्याचा टँकर दारातच यायचा. पण भोवती सगळी परकी माणसं, बघायला येणारे वेगळेच. तू दिवसाकाठी दोन कप चहावर राहायचीस. मी ओरडले तर म्हणालीस, "सवय हाय मला."

गोळ्या संपल्या, पाय बरा झाला. आता लेकीला दुसरं होणार. तिथं तिच्याजवळ कुणी न्हाई, जावयाला सुट्टी थोडकी. डॉक्टर म्हणते, जा, पण घट्ट मोजे घाला, तासातासाला उठा, घोट-घोट पाणी प्या. मोजे घालीन. गड्याला कोपरानं ढोसून उठवीनसुद्धा. पाण्याचं मात्र जमत न्हाई. घरात तांब्याभर पिते. भरलेली बॅग समोर दिसली की घोट खाली जात न्हाई. रोज बॅगेपुढं बसून सवय करते. काल अर्धा पेला उतरला.

हे पत्र कुठं टाकणार न्हाई, मोज्यांच्या पिशवीत राहील. एक मात्र लिहून ठेवते, तोंडानं कुणाला सांगणार न्हाई. लेक कॉलेजसाठी नांदेडला जायची तेव्हा एस.टी.त चढताना तिच्या हातातली बाटली मीच काढून घ्यायची. सुट्टीत यायची ती सुकलेल्या तोंडाची. अन् मी म्हणायची, शहाणी माझी.

आता उत्तराचं. तू देऊ नको. जन्मभर आबांच्या वाटचं तूच बोललीस. बैलांचं पोट भरेस्तोवर थांबणारा माणूस आपल्या दोघींसाठी का थांबला न्हाई, हे आबांनी तिथनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तू मधी पडायचं न्हाई.