गुडघ्यांवर बसलेली फोलाके

अंधेरी, १२ जानेवारी

ती. आईस,
वृंदाचा नमस्कार. दिवाळीपासून पत्र नाही, माफ कर. आम्ही बरे आहोत. तुझा खोकला गेला का?

नमिता लग्नात सासरच्यांच्या पाया पडणार नाही म्हणते, तर तिला समजाव, असं तू लिहिलंस. दादाची लेक माझं ऐकते, खरं आहे. पण परवा शेजारी गेले होते, तिथे एक प्रसंग झाला.

शेजारी नायजेरियाच्या दोघी बहिणी राहतात. थोरली फोलाके होणाऱ्या सासूशी व्हिडिओवर बोलताना, त्यांच्या रीतीप्रमाणे नमस्कार म्हणून, गुडघ्यांवर बसली. फोन ठेवताच धाकटी बिसी भडकली, "एमबीए करून गुडघ्यांवर? काळ्या बाईने अजून किती वाकायचं?"

फोलाके हसली. "आमच्यात पुरुष तर पालथे पडून नमस्कार करतात! मी माझ्या मनाने बसते. ते ठरवणारी तू कोण?"

"नाही बसलीस तर लग्न होईल?"

फोलाके फोन उचलून आत गेली. मग बिसी मला म्हणाली, "आंटी, तुम्हीच सांगा." मला दोघींचंही पटत होतं.

आई, आजीच्या, म्हणजे तुझ्या सासूच्या, पाया पडताना तुला मनापासून वाटायचं का गं? कधी विचारलंच नाही. रागावू नकोस.

तुझी,
वृंदा

ता. क. उद्या नमिताला फोन करायचा. आधी तिचं ऐकून घेईन.