पिवळ्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्या

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
सप्रेम सलाम व अ. आ.

पत्र लिहायला भाग पडलं ते एवढ्यासाठी, की गेल्या गुरुवारी माझ्या चुकीमुळे आम्ही अकरा जणांनी एका जिवंत माणसासमोर त्याचं दफनाच्या वेळचं गीत म्हटलं. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून ऐक.

चर्चमधल्या आम्हा म्हाताऱ्यांची गुरुवारची बैठक तुला ठाऊक आहे. जो येतो त्याच्याकडून मी दोन चिठ्ठ्या लिहून घेते. पिवळीवर वाढदिवसाला ऐकायच्या गीताचा क्रमांक, पांढरीवर मातीला लोक जमतील तेव्हा म्हणायच्या गीताचा. शिंपीदादांना नव्वदावं लागलं. ते अंथरुणावर आहेत, म्हणून आम्हीच पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. मी चिठ्ठी काढली आणि क्रमांक सांगितला. पहिलं कडवं संपताना मला उमगलं. बाकीच्यांना पहिल्याच ओळीला कळलं होतं, पण एकाचीही थांबायची हिंमत झाली नाही. नंतर जाब विचारला तर पोस्टाच्या बाई म्हणाल्या, मुख्याध्यापिकाबाईंनी क्रमांक सांगितला म्हणजे सांगितला. निवृत्त होऊन मला एकोणीस वर्षं झाली, तरी ही तऱ्हा.

दादांनी हाताने खूण करून उरलेली तिन्ही कडवी म्हणायला लावली. मग म्हणाले, आयुष्यभर लोकांना ट्रायल दिली, आज माझी झाली. खांद्यात जरा ढगळ आहे, पण चालेल. सगळे हसले. त्यांची सून हसली नाही. ती तडक पाळकसाहेबांकडे गेली.

काल पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, की बैठकीचा कारभार आता दुसऱ्या कोणाकडे द्यावा का. मी विचार करून सांगते म्हटलं. त्यांना सांगितलं नाही ते तुला सांगते. गेलं वर्षभर मला पिवळा आणि पांढरा रंग सारखाच दिसतो. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा डोळ्याचा पडदा आहे, आणि आहे तेवढीच नजर जपायची असं डॉक्टरांचं म्हणणं.

पण चौदा वर्षं ही बैठक मी चालवली. ती सोडून तिथे करू काय? बाकावर नुसती बसू? येत्या एकोणीस तारखेला उत्तर द्यायचं आहे. तुझं मत कळव, आणि गोडगोड लिहू नकोस.

लोभ आहेच, उत्तरही वेळेवर असू दे.
तुझी,
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र पोचलं. त्यातल्या ओळी उतारावरून सुटल्यासारख्या कोपऱ्यात जाऊन पडल्या होत्या. माझ्या वहीत अशी एक ओळ दिसली असती तर तू मला पानभर लिहायला बसवलं असतंस. तेव्हा डोळ्यांचं मला आधीच कळायला हवं होतं. चुकलं.

दादांचं वाचून मी एकटीच इतकी हसले, की लेक स्वयंपाकघरातून बघायला आली. पण मग बाबांची आठवण आली ती दिवसभर गेली नाही.

बाबांच्या हातांचे सांधे धरले तो हिवाळा तुला आठवतो का? चर्चची घंटा ते वाजवायचे ती मागची खोली, तिथला केरसुण्यांचा आणि मेणाचा वास, दोरीला पडलेली तेलकट गाठ. त्यांच्या हातून घंटा दहा-दहा मिनिटं उशिरा व्हायला लागली होती. सगळी मंडळी बाहेर थंडीत उभी राहायची, आणि कोणी घड्याळ काढून बघायचं नाही, का, तर त्यांना वाईट वाटेल. शेवटी एका रविवारी तू, सोळा वर्षांची पोर, सरळ आत गेलीस आणि त्यांच्या हातातून दोरी घेतलीस. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही.

पण पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू दोरीपाशी होतीस. बाबा आत आले आणि आईशेजारी बसले. आपल्या अख्ख्या लहानपणात बाबा घंटेपाशीच, म्हणून आईच्या बाजूची ती जागा रिकामी असायची. ते भलत्याच सुरात म्हणायचे आणि आई ताल चुकू नये म्हणून त्यांच्या गुडघ्यावर बोटं वाजवायची. आई जाईपर्यंत दोन वर्षं दोघं तशी बसली. ती दोन वर्षं तुझ्यामुळे त्यांना मिळाली. हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण तुला काही सांगायची आमची छातीच नव्हती. आता तू चारशे मैलांवर आहेस, म्हणून लिहिते.

ताई, चौदा वर्षांत त्या बैठकीत तुझ्या शेजारी कोणी बसलंय का? बैठकीची वही देऊन टाक.

रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.
तुझी,
धाकटी


दि. २० मार्च

चि. धाकटीस,
सप्रेम सलाम व अ. आ.

पत्र दोनदा वाचलं, भिंग घेऊन. रागावले होते. आता नाही.

आधी शिंपीदादांच्या सुनेकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, दादा तेव्हापासून रोज तेच गीत गुणगुणतात आणि तिला दुसरं कडवं पाठ करायला लावलंय. मग पाळकसाहेबांना डोळ्यांचं खरं ते सांगितलं. काल कारभार पोस्टाच्या बाईंकडे दिला. हयात टपाल निवडण्यात गेली त्यांची, चिठ्ठ्यांची सरमिसळ व्हायची नाही. पहिल्याच दिवशी सात जणांनी त्यांना गाठलं, की आमचीही पांढरी चिठ्ठी आम्ही असताना म्हणा. बाईंनी महिन्याला एक कबूल केली. मी असते तर नाही म्हटलं असतं.

मी तिसऱ्या बाकावर बसले, कंपाउंडरांच्या शेजारी. ते सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे गातात. चौदा वर्षं समोर उभी राहून तो आवाज कोणाचा ते मला सापडलं नव्हतं. शेवटच्या कडव्यात त्यांच्याबरोबर मीही पुढे गेले.

उन्हाळ्यात ये. बाकावर जागा आहे.
तुझी,
ताई

ता. क. काय काय दिलं त्याची नोंद तुझ्याकडेही असावी.
हजेरीची वही, एक.
पेटीच्या कपाटाची किल्ली, एक.
घराबाहेर पडू न शकणाऱ्या सहा जणांचे पत्ते.
पिवळ्या चिठ्ठ्या, तेवीस.
पांढऱ्या चिठ्ठ्या, चोवीस. चोविसावी माझी, आजवर दिली नव्हती. माझ्यादेखत म्हणावी.