निम्मा निधी, पूर्ण निःपक्ष

१५ एप्रिल
पंचायत समितीचे पत्र आले. यंदा गावाचा विकासनिधी निम्मा. चार बाबी मंजूर होत्या: सभामंडप, सिमेंट रस्ता, तलावाच्या पाणी सोडायच्या गळक्या तोंडाची दुरुस्ती आणि तांत्रिक सहाय्यकाचे मानधन. आता दोनच राहणार. कोणत्या, ते ग्रामपंचायतीने मेअखेरच्या सभेत ठरवायचे.
तांत्रिक सहाय्यक म्हणजे मी. स्थापत्य पदविका, प्रथम श्रेणी. काळजीचे कारण नाही. काम मोजणाऱ्या माणसाला कोणी काढत नाही.

१६ एप्रिल
सरपंच कुंताबाईंचा पक्ष राज्यात सत्तेवर. त्यांच्या मते कपात योग्यच. म्हणाल्या, "सरकारनं का पैशाचे झाड लावले हायेत?" सभामंडप मात्र व्हायलाच हवा. तो त्यांच्या मोहल्ल्यात आहे.
विरोधी गटाचे विनोदभाऊ म्हणाले, "यायच्या सरकारनं गाव लुटलं." मंडप म्हणजे उधळपट्टी. रस्ता मात्र गरजेचा. तो त्यांच्या दारावरून जातो.
शिपाई यादोराव सांगतात, मागे सरकार दुसरे होते तेव्हाही कपात झाली होती. वाक्ये हीच होती, फक्त विनोदभाऊंची कुंताबाई म्हणत होत्या आणि कुंताबाईंची विनोदभाऊ.
दोघांनाही सारखाच वेळ दिला. दोघांनीही चहा विचारला नाही. निःपक्ष माणसावर उपकार करायचे नसतात, ही समज दोघांत दिसली. समाधान.

२३ एप्रिल
तलाव पाहिला. तोंड बंद असूनही पाणी सुटते आहे. असेच राहिले तर धानाचा दाणा भरायच्या वेळी तलावात चिखल उरेल. खालची शेते दोन्ही गटांची आहेत, म्हणजे वादाला जागाच नाही. चावडीवर सर्वांसमोर सांगितले: आधी तलाव.
लोक उठून चपला शोधू लागले. सहमती असावी.
नंतर कुंताबाईंनी बाजूला घेऊन विचारले, "हे तुमाले विनोद्यानं शिकवलं काय?" विनोदभाऊंनी फाटकाशी गाठून विचारले, "कुंताबाईनं सांगतलं का असं बोलाले?"
दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न. माझा तोल नेमका मध्यावर असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

२९ एप्रिल
अडचण. कुंताबाईंच्या मुलीचे, राखीचे, लग्न ५ मे. विनोदभाऊंचा पुतण्या प्रितम, त्याचेही ५ मे. मुहूर्त एकच, मांडव गावाच्या दोन टोकांना. दोघांनी घरी येऊन अक्षता दिल्या.
एकीकडे जाणे म्हणजे पक्षपात. दोन्हीकडे जावे, तर आधी कुठे, हा प्रश्न उरतो. कुठेच न जाणे हाच निर्दोष पर्याय.
यादोराव म्हणाले, "मॅडम, मी दोनही पंगतीत बसतो. मले कोनी काही म्हनत नाही." यादोरावांवर जबाबदारी नाही. त्यांना परवडते.

५ मे, दुपार
खोलीत. दोन्हीकडून बँड. खिडकी बंद केली. प्राधान्य ठरवण्याचे सूत्र तयार करते आहे. दुपारी मॅगी.

७ मे
घरमालकीण उषाबाई सकाळपासून भांडी आपटत होत्या. शेवटी बोलल्या. कुंताबाईंच्या मांडवात म्हणे चर्चा होती की मॅडम तिकडे जेवून राहिल्या. तिकडच्या मांडवात चर्चा की इकडे. "दिवसभर घरात बसल्या होत्या म्हनून मी सांगतलं, तं मलेच खोटी म्हनून राहिले. बाप्पा, जेवाले जाऊन आल्या असत्या तं काय अंगाले भोकं पडले असते?"
अफवांना उत्तर देणार नाही. आकडे देतील.
उषाबाईंनी पाण्याचा पितळी गुंड माझ्या दाराजवळच्या नेहमीच्या जागेवरून आत नेला आहे. विचारणार नाही.

१४ मे
सानगडीच्या बाजारात कुंताबाई समोरून आल्या आणि वांग्यांकडे वळल्या. विनोदभाऊंनी गाडी थांबवली, मला पाहिले, गाडी काढली. सभा जवळ आल्यावर लोक तटस्थ अधिकाऱ्यापासून अंतर ठेवतात. चांगली प्रथा आहे.

२१ मे
सूत्र पूर्ण. सोपे आहे. प्रत्येक गटाने प्रत्येक बाबीला दहापैकी गुण द्यायचे, तेही सभेत, मोठ्याने. चारचौघांत बोलताना माणसाला लाज वाटते आणि गुण खरे येतात. बेरजेत वरच्या दोन बाबी राहतील.
अंदाज: आपापल्या कामाला दोघे जास्त देतील, दुसऱ्याच्या कामाला कमी. ते एकमेकांना खोडतील. तलाव आणि माझे पद कोणत्याच गटाचे नाही, म्हणून दोन्हीकडून भरपूर. निकाल आताच लिहून ठेवता येईल. ठेवत नाही. शिस्त.

३० मे, रात्री
सभा झाली. सूत्र दोन्ही गटांनी एका मिनिटात मान्य केले. तेव्हाच सावध व्हायला हवे होते का? नाही. सूत्र बरोबर आहे.
सभामंडप: कुंताबाई दहा, विनोदभाऊ शून्य.
रस्ता: विनोदभाऊ दहा, कुंताबाई शून्य.
तलाव: कुंताबाई शून्य. "मॅडमनं विनोदसाठी काढलेलं काम व्हय ते." विनोदभाऊ शून्य. "कुंताबाईच्या सांगन्यावरून आलं, गावाले मालूम हाये."
तांत्रिक सहाय्यक: शून्य. शून्य.
मी म्हणाले, मी कोणत्याच पार्टीची नाही. मागून कोणीतरी बोलले, "मंग लग्नात कोनाकडं होत्या?" मोठा हशा. खोलीत होते, असे सांगितले. हशा वाढला.
बेरीज दोनदा तपासली. चूक नाही. मंडप आणि रस्ता राहिले. यादोराव म्हणतात, या ग्रामपंचायतीत एकमताने झालेला हा पहिला ठराव. हे सूत्राचे यश मानायला हरकत नाही.

१ जून
मोजणीची टेप, लेव्हल यंत्र आणि कपाटाची किल्ली जमा केली. मंडप आणि रस्ता कोण मोजणार, हे विचारले. दोन्ही गटांनी सांगितले, मोजायची गरज नाही.

३ जून
शाळेच्या पटांगणात स्वयंपाक चालू होता. दोन्ही गटांची माणसे एकाच कढईभोवती. यादोराव म्हणाले, "तुमालेबी बलावलं हाये." निरोप समारंभ असणार. माणसे वरून कडक असली तरी जाण ठेवतात. साडी नेसले. चार ओळींचे भाषण तयार केले, दोघांचे आभार समान शब्दांत.
भूमिपूजन होते. मंडपाचे आणि रस्त्याचे, एकत्र. नारळ दोन.
परत फिरणार, तेवढ्यात कुंताबाईंनी हाताला धरून पंगतीत बसवले. विनोदभाऊ भात वाढत आले आणि म्हणाले, "बसा मॅडम, पोटभर जेवा. आता तुमी कोनाच्याच नाही."
जेवले. भाताला दोनदा हो म्हटले.