गंजाडच्या त्रेचाळीस शपथा

डहाणू,
शुक्रवार, १२ जानेवारी २०१८

तीर्थरूप मोरूमामांस,

दिपकचा शिरसाष्टांग नमस्कार. ज्यांचं बोलणं लोक माना डोलावून ऐकतात आणि घरी जाऊन नेमकं उलट करतात, अशा माणसांना उद्देशून हे पत्र आहे. आपल्या नात्यात अशी माणसं दोनच. एक तुम्ही. तीस वर्षं नरपडच्या वाड्या-वाड्यांतून ‘चिकू कोवळा उतरवू नका’ असं सांगत फिरलात आणि कोवळाच चिकू टेम्पोत चढताना पाहिलात. दुसरा मी. दारूविरुद्ध डहाणू आणि तलासरी तालुक्यांत एकशे बारा भाषणं केली. (आकडा दारूमुक्ती समितीच्या अहवालातला आहे. अहवाल मीच लिहितो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला सुंठीने गेला की डॉक्टरने घालवला, तेही कळवा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही माझं दुःख ऐकताना हसता आणि मग मला पुढचं सांगता येत नाही. कागदावर हसलात तरी मला ऐकू येणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहे की सप्टेंबरात मुंबईच्या एका संस्थेने इथे दारूच्या सवयीवर संशोधन सुरू केलं. जी पिणारी माणसं स्वखुशीने येतील त्यांचं रक्त तपासायचं, यकृत बघायचं, चार महिने डॉक्टरांनी त्यांचा पिच्छा पुरवायचा आणि कशाने फरक पडतो ते नोंदवायचं. पाड्यापाड्यांत ओळख असलेला माणूस त्यांना हवा होता, म्हणून मला घेतलं. माझं काम चाळणीचं. आलेल्या माणसाला दहा प्रश्न विचारायचे (किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्याबरोबर लागते का, असे), उत्तरांना गुण द्यायचे, आठ किंवा जास्त गुण पडले की माणूस अभ्यासात. मी आयुष्यभर पुष्कळ वाचलं, पण जो जास्त पितो तो पास होतो अशी परीक्षा कुठल्या पुस्तकात आढळली नव्हती.

आमच्या प्रमुख डॉक्टर रुपल मॅडम उमरगावच्या. स्वभावाने गोड, नियमाने लोखंडी. त्यांचे नियम दोन. उत्तर त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून आलं पाहिजे, बायकोचं, भावाचं, शेजाऱ्याचं चालत नाही. आणि संमतीच्या कागदावर अंगठा देताना तो शुद्धीत हवा. नळीत फुंकायचं, यंत्रावर शून्य आलं तरच कागद पुढे करायचा. नियम उत्तम आहेत, मामा, मी त्यांच्या बाजूने तासभर बोलू शकेन. पण परिणाम ऐका. जे सकाळी दहालाच घेऊन येतात ते सगळं मोकळेपणाने सांगतात आणि यंत्र त्यांना परत पाठवतं. जे कोरडे येतात ते माझं तोंड बघून म्हणतात, थेंबाला शिवलो नाही. अच्छाडला ढाब्यापाशी टेबल मांडलं, तर ट्रकवाल्यांनी रांग लावून वीस-वीस गुणांची उत्तरं दिली. तेव्हा मॅडमनी आठवण करून दिली की अभ्यास फक्त तालुक्यात राहणाऱ्यांचा आहे, आणि त्यांतला एक लुधियानाचा, बाकीचे राजस्थानचे. मग सोनीबाई आली. वय साठ, दारूच्या वासानेही जिला मळमळतं. फुकट तपासणी आहे कळल्यावर म्हणाली, "लिही, रोज दहा गिलास." मी म्हटलं, मावशी, खोटं कशाला? ती म्हणाली, "तुज्या यादीत खरा बोलनारा कोन हाय तो दाखव, मंग मी पन खरा बोलतंय."

मी तिला परत पाठवलं. साठ माणसं हवी होती, आजपर्यंत अकरा झाली. गंजाडच्या पाड्यातून एकही नाही. तिथल्या त्रेचाळीस पुरुषांनी माझ्यापुढे प्रत्येक प्रश्नाला शून्य सांगितलं. त्यांतला एक हाल्या.

हाल्या म्हणजे माझ्या सभांचा कर्णा झाडावर बांधणारा. एकशे बारांपैकी निदान साठ भाषणं त्याने फांदीवर बसून ऐकली असतील. तो मागच्या मंगळवारी आला. डोळे हळदीसारखे, पाय सुजलेले. यंत्रात फुंकलं, शून्य. दहा प्रश्न विचारले, शून्य. बाहेर त्याची बायको जानी उभी होती. ती दारातून म्हणाली, "पोट बघा त्याचा, पाण्यानी भरलाय. सकाळ नाय, दुपार नाय, पितंय." हाल्या जमिनीकडे बघत म्हणाला, "ती येडी हाय." मॅडमनी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. तो गेला नाही. तिथेही पहिला प्रश्न तोच असतो ना. मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझ्याऐवजी नर्सला विचारायला बसवलं, तरी शून्य. मग मी त्याला मागच्या पडवीत नेलं आणि हात जोडले. म्हटलं, बाबा, मी रागावणार नाही, फक्त खरं सांग, बाकी डॉक्टर बघतील.

तो म्हणाला, "साहेब, पिलेला देवाला दिसत नाय. बोललेला आयकू येतो."

आता माझा गुन्हा सांगतो. दोन हजार पंधराच्या पंधरा ऑगस्टला मी गंजाडला दोन तास बोललो. सभा रंगली होती, पण मला तेवढ्याने भागेना. देवळाची पायरी न चढणारा मी, त्या दिवशी सगळ्यांना गावदेवाच्या दगडापाशी घेऊन गेलो आणि एकेकाचा हात दगडावर ठेवून दारू न पिण्याची शपथ घातली. (परिणामकारक शेवट व्हावा म्हणून, मामा. दुसरं कारण नव्हतं.) टाळ्या पडल्या, फोटो निघाला, समितीच्या अहवालात ‘दारूमुक्त पाडा’ छापलं. पहिला हात हाल्याचा होता. बाकीच्या बेचाळीस जणांनी शपथ मोडली आणि विसरले. मला शून्य सांगतात ते माझी लाज राखायला. हाल्याने मोडली आणि लपवली. अडीच वर्षं हा माणूस रानात एकटा जाऊन पितो आहे, कारण मी देवाला साक्षीला बसवून ठेवलं आहे. एकशे बारा भाषणांनी त्याचा एक पेला कमी झाला नाही, फक्त तोंड बंद झालं. रात्री पुस्तक उघडतो तर ओळी पुढे सरकत नाहीत.

मी पाड्याच्या भगताकडे, धोंडीबाबांकडे गेलो. म्हटलं, ही शपथ परत घेता येते का? म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू अडीच वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होता. म्हणाला, "येते. ज्यानी घातली त्यानीच सोडवायची." रीत अशी: देवाच्या दगडावर ताजी ताडी ओतायची. ती विकत आणलेली चालत नाही, शपथ घालणाऱ्याच्या स्वतःच्या माणसांकडची हवी. आणि ओतून उरलेल्यातला पहिला घोट शपथ घालणाऱ्याने सगळ्यांसमोर घ्यायचा. मोकळा होणारा माणूस थेंबही घेत नाही, तो नुसता उभा राहतो. मी म्हटलं, बाबा, नारळ फोडला तर? "देवाला तू नारळावर बांधलास काय? दारूवर बांधलास." मी तत्त्वाबद्दल बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी विडी पेटवली आणि सांगितलं, "भाषन नको. आयकलाय."

भरती वीस तारखेला बंद होते. नंतर हाल्याने खरं सांगितलं तरी त्याचं नाव लिहायला रकाना उरणार नाही. जानी रोज आमच्या तपासणीच्या दारात येऊन बसते. तुमच्यापाशी मन मोकळं केलं, बाकी काही मागणं नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
दिपक

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं ते खोडायला जागा नाही, म्हणून इथे लिहितो. ‘स्वतःची माणसं’ म्हणजे कोण, असं मी धोंडीबाबांना विचारलं होतं. घरी झाड नसेल तर मामाकडची ताडी चालते, किंबहुना मामाकडची जास्त चांगली, असं ते म्हणाले. तुमच्या कुंपणावरचे तीन ताड तोडावेत असं मी नरपडच्या सभेत तुमचं नाव घेऊन म्हणालो होतो, ते मला आठवतं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. ताड तोडले नाहीत याबद्दल आज मी तुमचा ऋणी आहे.

ता. क. २. रुपल मॅडमना सगळं सांगितलं. चार महिन्यांत त्या प्रथमच खळखळून हसल्या. गुरुवारी त्या स्वतः गंजाडला येऊन हाल्याला प्रश्न विचारणार आहेत. मी ताडी घेतलेली असेल, म्हणून मला त्या दिवशी कागदाला हात लावायचा नाही.

ता. क. ३. कामावर घेताना त्यांनी ते दहा प्रश्न सरावासाठी मलाही विचारले होते. मी ताठ मानेने शून्य सांगितलं. काल अचानक मनात आलं, तुमच्या मुलीच्या, वर्षाच्या लग्नात तुम्ही मला पेल्यातून ‘शहाळ्याचं पाणी’ दिलंत. आंबटसर होतं. मी तीन पेले घेतले आणि मांडवात उभा राहून व्यसनमुक्तीवर जे बोललो, त्याला लोक अजून माझं सर्वांत चांगलं भाषण म्हणतात. ते पाणी कसलं होतं, हे मला या जन्मात सांगू नका.

ता. क. ४. हाल्या यायला तयार झाला आहे. "तुमी घोट घेतला तर मी बोलीन," एवढंच म्हणाला. तेव्हा हसायचं ते नरपडलाच हसून घ्या, आणि गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी सातच्या आत, पहाटे उतरवलेल्या ताडीचं मडकं स्वतःच्या हाताने घेऊन गंजाडच्या नाक्यावर या.